पोटाने दाबलेले थर

ज्यांना जेवताना वाचायची सवय आहे, त्यांनी आधी जेवण उरकावं. मी सांगणार आहे माझ्या थोरल्या जाऊबाईंबद्दल, आणि त्यांच्याबद्दल खरं सांगायचं तर बादली, फेस आणि तुंबलेली मोरी यांना वगळून चालणार नाही.

आमचं घर एकच. वरच्या मजल्यावर त्या आणि थोरले भाऊजी, खाली आम्ही. कामाची जागाही एकच. गणवेश शिवायचा एक कारखाना आहे, तिथे मी काज-बटणाला बसते आणि जाऊबाई कटिंगला. सगळा कारखाना त्यांना मास्टर म्हणतो. मास्टरबाई वगैरे नाही, नुसतं मास्टर.

कटिंगचं काम बाहेरून सोपं दिसतं. ताका उलगडून लांब टेबलावर कापडाचे थर पसरायचे, एकावर एक चाळीस. सगळ्यांत वर कागदी खाका ठेवून खडूने आखायचं. मग उभ्या पात्याचं मशीन त्या रेघेवरून न्यायचं आणि चाळीसच्या चाळीस थर एका दमात कापायचे. जीव सगळा एकाच गोष्टीत असतो, थर हलता कामा नयेत. वरचा तुकडा आणि तळातला तुकडा एकमेकांवर ठेवले तर कडेला कड लागली पाहिजे. त्यासाठी लोखंडी चाप मिळतात, टेबलाच्या काठाला आवळायचे.

जाऊबाईंनी बावीस वर्षांत चाप लावला नाही. त्या पोट लावायच्या. टेबलाला भिडून उभं राहायचं, पोटाचा सगळा भार थप्पीवर टाकायचा, डाव्या हाताने पुढचं दाबायचं आणि उजव्या हाताने मशीन ढकलायचं. "चाप सरकतो, माझं पोट सरकत नाही," असं वर ऐकवायच्या. आणि खरंच, त्यांचा थर कधी केसभर हलला नाही.

पण एकशे एकतीस किलो वजन दोन गुडघे किती दिवस पेलणार? आधी जिना चढताना मध्ये थांबू लागल्या, मग टेबलाजवळ स्टूल आलं, मग स्टुलावरून उठताना माझा खांदा लागू लागला. डॉक्टरांनी सांगितलं, भार उतरवल्याशिवाय गुडघ्यांना हात लावण्यात अर्थ नाही. जठराचा मोठा भाग कापून काढायचा, केळ्याएवढं ठेवायचं. जाऊबाईंनी एकच विचारलं, "मी टेबलाजवळ दिवसभर उभी राहू शकेन ना? मला सुंदर-बिंदर व्हायचं नाहीये."

डॉक्टर म्हणाले, नीट खाल्लं-प्यायलं तर राहाल.

आमच्या मालकीणबाई तोंडावर सांगणाऱ्या. त्या म्हणाल्या, "सहा आठवडे टेबल इस्त्रीभाऊ सांभाळतील. सातव्या आठवड्यात तू उभी राहिलीस तर टेबल तुझं. नाहीतर मास्टर, मला ऑर्डरी थांबवता येणार नाहीत."

इस्त्रीभाऊ म्हणजे आमच्याकडे इस्त्रीला असलेले पन्नाशीचे गृहस्थ. दोन वर्षं त्यांनी कडेला उभं राहून कटिंग शिकून घेतलं होतं. चाप लावून कापायचे, सावकाश, जीभ दातांत धरून. जाऊबाई त्यांच्या कापण्याला 'दाढी करणं' म्हणायच्या. आपलं टेबल त्या माणसाच्या हातात जाणार ही गोष्ट त्यांना टाक्यांपेक्षा जास्त टोचत होती.

ऑपरेशन नीट झालं. नीट झालं नाही ते पुढचं सगळं.

पहिल्या आठवड्यांत फक्त पातळ. गाळलेलं सूप, पाणी आणि ती प्रोटीनची पावडर. डब्यावर व्हॅनिला लिहिलेलं होतं, पण ग्लासात ढवळली की न वाळलेल्या फडक्यासारखा वास सुटायचा. जाऊबाई ग्लास तोंडाजवळ नेत, नाकपुड्या आक्रसत, एक घोट घेत आणि माझ्याकडे बघत. त्या बघण्याचा अर्थ मला दोन दिवसांत कळला. बादली पुढे करायची. पोटात काही नसताना उलटी तरी कसली होणार? फेस यायचा. अंड्याच्या पांढऱ्यासारखा, ओठापासून बादलीपर्यंत तार धरणारा. तो पाण्याने जात नाही, बोटं घालून काढावा लागतो.

मी रोज सकाळी देवापुढे हात जोडते. त्या दिवसांत मी देवाकडे त्यांच्या प्रकृतीच्या आधी माझ्या नाकासाठी मागितलं. मला एवढी किळस येऊ देऊ नकोस, असं. नाक काही बदललं नाही. मी श्वास धरून बादली धुवायला शिकले.

भाऊजी लिफ्टदुरुस्तीच्या कामावर असतात. माणूस वाईट नाही, पण घाबरला की आकडे बोलतो. रोज सकाळी वजनकाटा घेऊन उभे. "आज किती उतरलं? साडेसातशे ग्रॅम! वा वा वा."

"मी काय लिफ्ट आहे, किती मजले उतरले ते विचारायला?" जाऊबाई म्हणत आणि भिंतीकडे तोंड करून झोपत.

एक दिवस भाऊजींच्या आत्या आल्या. पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "देवाने दिलेलं पोट कापून घेतलंस बाई. थोडा तोंडावर ताबा ठेवला असतास तर ही पाळी आली नसती."

"आत्याबाई, तोंडावर ताबा तुम्ही ठेवा," जाऊबाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "पोटाचं मी बघून घेतलंय."

आत्याबाई बिस्किटाचा तुकडा बशीत तसाच टाकून उठल्या. जिन्यात मला म्हणाल्या, "किती उतरली गं तोंडावरून! भुतासारखी दिसते." हीच बाई दहा वर्षं त्यांना रणगाडा म्हणत होती. मला तिच्या त्या ओल्या बिस्किटाचीसुद्धा शिसारी आली. तिच्यासमोरच उचलून ते केराच्या डब्यात टाकलं.

तिसऱ्या आठवड्यापासून मात्र ग्लास रिकामे होऊ लागले. दिवसाचे तीन. मी कामावरून आले की ओट्यावर तीन धुतलेले ग्लास पालथे. मला वाटलं, चला, घशाखाली उतरू लागलं एकदाचं. भाऊजींनी तर फोन करून सगळ्यांना सांगितलं. फक्त जाऊबाईंच्या अंगात काडीची ताकद येईना. केस विंचरताना हात वर धरवेना. उठल्या की भिंत धरायच्या. हॉस्पिटलातल्या डाएटच्या बाई फोनवर विचारायच्या, "पावडर घेता ना?" आणि ह्या ठणकावून, "तीन वेळा."

मग चौथ्या आठवड्यात वरची मोरी तुंबली.

रविवार होता. भाऊजी कामावर, आमचे हे बाहेर. मी तारेचा आकडा करून मोरीच्या जाळीखाली घातला आणि ओढला. जे वर आलं ते काय होतं हे सांगायला शब्द बरे नाहीत. पांढरंपिवळं, दह्यासारखं फुटलेलं, केसांत गुंतलेलं, आणि वास असा की माझ्याच डोळ्यांना पाणी आलं. पण त्या कुजलेल्या वासाच्या तळाशी व्हॅनिला होता. मी गुडघ्यांवर बसून तो गोळा बघत राहिले.

गोळा कागदावर घेतला आणि तशीच त्यांच्या खोलीत गेले.

"ताई, हे काय?"

त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं. "खोलीत कशाला आणलंस ते? घाण येतेय."

"घाण येतेय? दोन आठवडे तुम्ही हे मोरीत ओतताय आणि मी सगळ्यांना सांगत फिरतेय, आमच्या ताई पितात म्हणून!"

"सांगायला मी सांगितलं होतं का?"

"मग ऑपरेशन कशाला केलंत? मोरीला धष्टपुष्ट करायला?"

यावर एरवी त्यांनी मला सळो की पळो करून सोडलं असतं. पण त्या उठून बसल्या, गाउनची बाही वर केली आणि हात आडवा धरला. दंडाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती. त्यांनी दुसऱ्या हाताने ती चिमटीत धरून हलवली.

"हे बघ. ह्याची किळस येते. तोंडाला येणाऱ्या वासाची येते. त्या ग्लासाची येते. त्याहून जास्त कशाची येते सांगू? तू बादली धरतेस आणि तोंड फिरवतेस त्याची. मला दिसतं ते. जाड होते तेव्हा निदान माणसांत होते. आता काय आहे मी? पोट गेलं आणि ताकदही गेली. पडून राहू दे मला."

मी तोंड फिरवत होते हे खरंच होतं. कागद बाहेर नेऊन टाकला, साबणाने तीनदा हात धुतले आणि डाएटच्या बाईंना स्वतः फोन लावला, सगळं खरं सांगून. बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, ग्लासभर एकदम कोणाच्यानेच जात नाही. गार करा, पातळ करा, दर पंधरा मिनिटांनी दोन घोट. सूपमध्ये मिसळून बघा. आवडायची वाट बघू नका, ते आवडणार नाही.

पाच दिवस जाऊबाईंनी ऐकलं. मग पुन्हा दोन घोटांचा एक घोट झाला आणि एकाचा नुसता ओठ ओला. मी पाठीमागे लागायचं सोडलं. खरं सांगायचं तर मलाही कंटाळा आला होता.

आणि सातवा आठवडा उजाडला.

त्या दिवशी त्या पांढऱ्या फटक पडलेल्या चेहऱ्याने, दोन मापं सैल झालेल्या कपड्यात पिना लावून कारखान्यात आल्या. एकोणीस किलो उतरले होते. बायकांनी गराडा घातला, कोणी 'तरुण दिसता' म्हणालं, कोणी 'आजारी दिसता'. त्यांनी सगळ्यांना हाताने बाजूला केलं आणि सरळ टेबल गाठलं. एका हॉस्पिटलच्या सफाई कामगारांचे निळे शर्ट होते. थर इस्त्रीभाऊंनी पसरून ठेवले होते, चाळीस, ताणून, एक सुरकुती नाही. त्यांनी चापही हाताशी आणून ठेवले होते.

"ते उचला," जाऊबाई म्हणाल्या.

"मास्टर, आज तरी लावा."

"दाढी करायची असेल तेव्हा सांगते. उचला."

माझं मशीन त्यांच्या टेबलाच्या समोरच आहे. मी काजं घालता घालता बघत होते. त्यांनी मशीन सुरू केलं, सरळ रेघ झकास गेली. मग पाठीच्या तुकड्याला बाहीची गोलाई आली आणि बावीस वर्षांच्या सवयीने त्या पुढे झुकल्या, पोट टेकवायला. ताज्या व्रणावर टेबलाची कड लागली. मला त्यांचं तोंड दिसलं. पोट झटकन आत गेलं, हात थप्पीवरून सुटला आणि मग दोन्ही हातांनी त्यांनी टेबल धरलं, डोळे मिटून. अंधारी आली होती. खालचे थर दोन बोटं पुढे सरकले, हे मी जागेवरून पाहिलं. त्यांनी डोळे उघडले, घाम पुसला आणि तसंच पुढे कापत गेल्या. कापून झाल्यावर वरचा आणि तळातला तुकडा काढून जुळवायचा असतो. तेवढं न करता त्या स्टुलावर बसल्या.

अर्ध्या तासाने शिवणाऱ्या बायकांकडून आरडाओरडा. पाठी आणि पुढचे तुकडे जुळेनात. चाळीसांतल्या सोळा पाठी आखूड.

मालकीणबाई तुकडे घेऊन आल्या आणि थेट इस्त्रीभाऊंकडे वळल्या. "थर कोणी पसरले? तुम्ही ना? सैल सोडलेत तुम्ही! सहा आठवडे टेबल दिलं तर डोक्यात हवा गेली का?"

इस्त्रीभाऊंनी जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाईंनी खडूच्या डबीकडे पाहिलं. भाऊ खाली मान घालून म्हणाले, "नीट पसरले होते, बाई." आणि वर आणखी बोलणी खाल्ली.

मीही बोलले नाही, तेही लिहायला हवं. आपली जाऊ आहे, आजारी आहे, टेबल जाईल, असं सगळं मनात येऊन मी काजं घालत राहिले. पण इतके आठवडे बादली धुताना आली नव्हती एवढी किळस मला त्या घटकेला त्यांची आली. सगळी त्यांचीच नव्हती, थोडी माझी मलाही आली. उलटी निदान माणसाच्या हातात नसते.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दोन चमचे मऊ अंडं खाल्लं, घाईघाईने, आणि धावत बाथरूममध्ये गेल्या. मला आवाज ऐकू येत होता. इतके दिवस मी पाठ चोळायला धावत होते, त्या दिवशी उठले नाही. डबा पुढ्यात ठेवून तशीच बसून राहिले.

बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या. हनुवटी ओलीच होती. माझ्यापाशी थांबल्या. "तू पाहिलंस ना सकाळी?"

"पाहिलं."

"आणि बोलली नाहीस."

"बोलायचं तुम्ही होतं, ताई."

त्यांनी भिंत धरली, मग भिंत सोडली आणि मालकीणबाईंच्या टेबलाकडे गेल्या. कारखाना सगळा जेवत होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

"बाई, थर भाऊंनी नीट पसरले होते. पाठी मी बिघडवल्या. मला पोट टेकवता येत नाही आणि कापताना अंधारी आली. सकाळपासून पाण्याचा घोट नव्हता पोटात."

मालकीणबाईंनी चष्मा काढला. "आणि दोन तास तू तोंड शिवून बसलीस?"

"हो."

"का?"

"टेबल जाईल म्हणून."

"मग गेलं," मालकीणबाई म्हणाल्या. "महिनाभर भाऊ कापतील. तू खाली बसून नमुने काप, एक थर, कात्रीने. महिन्याने चाळीस थर कापून दाखव. अंधारी आली तर मशीनला हात लावायचा नाही, बोटं तुटतील. आणि त्या सोळा पाठींचं काय करायचं ते आधी सांग."

"लहान मापात बसतील. मी आखून देते."

त्यांनी बसून सोळाच्या सोळा पाठी लहान मापात आखून दिल्या. रेघ कुठे वाकडी नाही.

इस्त्रीभाऊ आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "मी ती बोलणी गिळलीत, मास्टर. पचायला वेळ लागेल."

त्यानंतर जाऊबाई पिऊ लागल्या. कोणाला वाटेल मनाने उभारी घेतली, देवाने बुद्धी दिली. देवाने काही दिलं असेल तर राग दिला. एका थराचे नमुने कापताना, 'बाहुल्यांचे कपडे कापतेय' म्हणून त्यांचा जळफळाट व्हायचा आणि त्या जळफळाटावर दर पंधरा मिनिटांनी दोन घोट जायचे. बाटली गार, नाक दोन बोटांनी दाबलेलं. घोट गेला की अंग शहारायचं आणि तोंडातून असा शब्द निघायचा, की मी काजाकडे बघायची. फेस अधूनमधून यायचाच. भरीला केस गळू लागले, विंचरलं की फणीत गुंडा. बादली मी आताही धरत होते. तोंड न फिरवता धरायचा प्रयत्न करत होते, रोज जमायचं असं नाही.

सगळ्यांत कडू घोट मात्र पावडरचा नव्हता. त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्या इस्त्रीभाऊंच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, चाप कसा लावता?"

भाऊंनी आधी त्यांना चांगलं ताटकळवलं, मग चाप हातात दिला. जाऊबाईंनी आवळला.

"असा सरळ नाही. तिरका. थर चेपतो तुमचा."

"मला नका शिकवू थर."

"मग पोट आणा जा परत."

जाऊबाईंनी भाऊंकडे असं काही पाहिलं की इस्त्री आपोआप गरम व्हावी. मग चाप सैल केला आणि तिरका लावला.

महिना भरला त्या दिवशी थर त्यांनी स्वतः पसरले, मध्ये तीनदा बसून. चार चाप लावले. मालकीणबाई हाताची घडी घालून समोर उभ्या. मशीन गोलाईला आलं तेव्हा जाऊबाई सवयीने थोड्या झुकल्याच, पण टेबलापासून चार बोटांवर थांबल्या, श्वास सोडला आणि हाताने मशीन वळवलं. मी मनात देवाचं नाव घेत होते आणि एक काज वाकडं घातलं.

कापून झाल्यावर त्यांनीच पहिला आणि चाळिसावा तुकडा काढून एकमेकांवर ठेवले. मालकीणबाईंनी चारी कडांवरून नख फिरवलं. उलटं करून पुन्हा फिरवलं. नख कुठे अडकलं नाही. "उद्यापासून थर भाऊ पसरतील, कापेल मास्टर," एवढं म्हणून त्या गेल्या.

जाऊबाई टेबल धरून उभ्या होत्या. ओठ पांढरे, कपाळावर घाम. इस्त्रीभाऊंनी चाप गोळा करता करता विचारलं, "काय मास्टर, कसं वाटतंय?"

"मळमळतंय," जाऊबाई म्हणाल्या. "दुसरा ताका घ्या वर."